आधी परवाना, मग रायफल

नेमबाजीत 10 मीटर एअर रायफलमध्ये चमकणारी मुले 50 मीटर प्रकाराकडे का वळत नाहीत, याविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. खर्च आणि रेंजची कमतरता ही कारणे खरीच. पण कायद्याचा मुद्दा त्यातून निसटला आहे.

.177 बोअरच्या (म्हणजे नळीचा आतील व्यास .177 इंच) आणि छर्‍याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. 50 मीटरसाठीची पॉइंट टू-टू (.22 बोअरची) रायफल मात्र 1959च्या शस्त्र कायद्यानुसार अग्निशस्त्र ठरते. तिचा परवाना आधी आणि खरेदी नंतर, त्यामुळे दस्ता खांद्याला नीट बसतो का, डावखुऱ्याला बोल्ट (काडतूस भरण्याचा खटका) सोयीचा पडतो का, हे पाहण्यापूर्वीच निवड निम्मी कागदावर झालेली असते. शिवाय याच रायफलींची खोड अशी, की एकाच कंपनीच्या काडतुसांचा एक लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) नळीला मानवतो आणि दुसऱ्या लॉटने गोळ्या चकतीभर विखुरतात. चार लॉट चालवून पाहायचे, तर परवान्यावरील काडतुसांची मर्यादा आड येते.

निर्बंध सैल करा, असे माझे म्हणणे नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024मध्ये पॅरिस ऑलिंपिकला याच 50 मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवल्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत मुले विचारणा करीत असतील, तर मान्यताप्राप्त क्लबांकडे त्यांच्याच परवान्यावर वेगवेगळ्या मापांच्या तीन-चार रायफली सरावासाठी असाव्यात आणि त्यांचे अर्ज जिल्हा प्रशासनाने ठरावीक मुदतीत निकाली काढावेत, एवढीच अपेक्षा आहे.

– एक क्लब सदस्य, सांगली