बोलीदाराला सवलत, कर्जदाराला मुदत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हरदीपसिंग पुरी यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीवरील लेख कालच्या अंकात वाचला. एअर इंडियाची विक्री, नवे संसद भवन आणि शहरी घरे ही तिन्ही कामे त्यांनी धडाडीने मार्गी लावली, असा लेखाचा एकंदर सूर आहे.

प्रथम एक दुरुस्ती. टाटांची १८,००० कोटींची बोली ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक खाते पुरी यांच्याकडे नव्हतेच. जुलैमध्येच ते ज्योतिरादित्य शिंदे यांच्याकडे गेले होते. शिवाय त्या रकमेपैकी सरकारला रोख मिळायचे होते २,७०० कोटी, उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी अंगावर घेतलेले कर्ज. विमानाच्या छायाचित्राला चार रकाने देणाऱ्या वृत्तपत्राला या दोन ओळींसाठी जागा सापडू नये, याचे नवल वाटते.

विक्रीला माझा विरोध नाही. विकणे किंवा बंद करणे एवढेच पर्याय उरले आहेत, असे पुरी सांगत होते आणि ते चुकीचे नव्हते. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा एकही बोली आली नाही. म्हणून २०२० मध्ये सगळाच हिस्सा देऊ केला, तेवढ्यानेही भागेना तेव्हा कर्ज किती उचलायचे हेही बोलीदारावर सोडले, आणि मुदत तर त्या वर्षी पुन्हा पुन्हा वाढवली. गिऱ्हाईक अडले की अट सैल करावी, हे शहाणपण त्याच मंत्र्यांच्या गृहनिर्माण खात्यापर्यंत का पोहोचले नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

पंतप्रधान आवास योजनेत मध्यम उत्पन्न गटाला नऊ लाखांपर्यंतच्या कर्जावर चार टक्के व्याज अनुदान होते. त्यासाठी मी २०२० मध्ये बँकेत अर्ज दिला. सहा महिन्यांनी कळले, की आधार कार्डावर पत्नीच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे आणि घराच्या करारात तो नाही. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर शपथपत्र करून फेब्रुवारी २०२१ मध्ये दिले. बँकेतील बाईंनी ते फाइलला टाचले, वर पेन्सिलीने ‘ओके’ लिहिले आणि पुढच्या आठवड्यात त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडली ती एप्रिलमध्ये. मध्यम गटासाठीची योजना ३१ मार्चलाच संपल्याचे त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, चहाही विचारला. सुमारे सव्वादोन लाखांचे अनुदान त्या ‘ए’मध्ये गेले. विमान कंपनीच्या बोलीदारासाठी दिल्लीची दिनदर्शिका वारंवार पुढे सरकली; माझ्या फाइलसाठी ती महिनाभरही हलली नाही.

लेखात घरांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे आणि त्यात ‘लाखो लाभार्थी’ असा मोघम उल्लेख आहे. त्या लाखोंमध्ये मला धरलेले नाही ना, एवढे लेखकाने कृपया पाहून घ्यावे. जुलै २०२१ ची दुरुस्ती मात्र उद्याच्याच अंकात यावी, आणि ती आतल्या पानाच्या तळाशी नसावी.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार