तक्त्यात लाउंज आहे, मार्कअप कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘आधुनिक’ बँक खाती आणि प्रवासाची कार्डे यांची तुलना करणारा तक्ता आला होता. तक्ता देखणा होता, पण रकाने काय? विमानतळावरचे लाउंज, रिवॉर्ड पॉइंट, स्वागताची भेट, वार्षिक फी. परदेशात कार्ड वापरल्यावर बँक किती कापून घेते, हा रकानाच नव्हता. माझी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात असते त्याच्या खालचे आधी वाचायची सवय लागली आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलून देण्याचा बँकेचा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. दुबई किंवा बँकॉकला जाऊन कुटुंबाने कार्डावर दोन लाख खर्च केले, तर ८,२६० रुपये नुसत्या चलनबदलाचे गेले. हे पैसे वेगळ्या ओळीत दिसतात ते महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये, तेही कुणी शेवटपर्यंत वाचले तर. तेवढ्या पैशात लाउंजमध्ये कितीदा पोटभर जेवता येईल याचा हिशेब वाचकांनी करावा. शिवाय बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असेल तरच लाउंजचे दार उघडते. तक्त्यात तेही नव्हते.

मार्कअप न घेणारी कार्डे आहेत आणि त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. फेडरल बँकेबरोबर निघालेले स्कॅपिया आहे. आयडीएफसी फर्स्टचे ‘वॉव’ तर मुदत ठेवीवर मिळते, म्हणजे पगाराची स्लिप नसलेल्या निवृत्तांना आणि गृहिणींनाही. मात्र घेण्याआधी त्या दिवशीच्या अटी वाचाव्यात, कारण या अटी वरचेवर बदलतात. आणि मार्कअप नाही म्हणजे खर्चच नाही असे नव्हे. थायलंडमध्ये एटीएमचा मालक परदेशी कार्डाकडून दर वेळी दोनशेहून जास्त बाट घेतो. तिथे दोन-दोन हजार बाट काढत बसण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत, आणि तेही डेबिट कार्डाने. बहुतेक क्रेडिट कार्डांवर रोख काढली की फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. बिनव्याजी मुदत रोखीला सहसा लागू नसते.

आणखी एक सापळा दुकानातल्या मशीनवर असतो. मशीन विचारते, रक्कम रुपयांत घ्यायची की स्थानिक चलनात? आपला जीव रुपयांत अडकलेला, आपण रुपये दाबतो. मग दर मशीनवाल्या कंपनीचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्या विरुद्ध असतो. काही ठिकाणी वेटर आपल्याला न विचारताच रुपये दाबून मोकळा होतो. अशा वेळी व्यवहार रद्द करून बाटमध्ये, दिऱ्हॅममध्ये पुन्हा करायला सांगावे. तो आपला हक्क आहे. घरबसल्या परदेशी संकेतस्थळावर हॉटेल बुक करतानाही हेच होते. रक्कम रुपयांत दिसते, पण व्यापारी परदेशात नोंदलेला असला तर अनेक बँका त्यावरही शुल्क लावतात.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायच्या कार्डाबद्दल, सहल कंपन्या भरभरून बोलतात. त्याचा फायदा खरा आहे: दर आधीच ठरतो आणि मुलाबाळांच्या हाती ठरावीकच रक्कम देता येते. पण पैसे भरतानाच्या दरात बँकेचा नफा असतो, भरले नाही त्या चलनात खर्च केला की पुन्हा शुल्क, आणि उरलेले पैसे परत रुपयांत आणताना पुन्हा घट. हॉटेलची किंवा भाड्याच्या गाडीची अनामत अनेकदा या कार्डावर घेतच नाहीत. डेबिट कार्डावर घेतली तर आपल्याच खात्यातले पैसे कित्येक दिवस अडकतात. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड बरे.

नेपाळला पशुपतिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे सगळे कशाला, असे विचारले तर त्यांचे खरे आहे. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपे नावाच्या जाळ्यातल्या दुकानांत (हे आपल्याकडचे फोनपे नव्हे, तिथली वेगळी कंपनी) आपले यूपीआय चालते. भूतान, श्रीलंका, मॉरिशस इथेही चालते. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो, आणि सगळ्याच बँकांची सोय नसते. हे घरून निघण्यापूर्वी बघावे, काठमांडूच्या गल्लीत उभे राहून नव्हे.

आता खात्यांकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. आपल्या तक्त्यात बँका आणि ॲप एकाच रांगेत बसवले होते. त्यातली अनेक ॲप बँका नाहीत. रिझर्व्ह बँकेचा परवाना मागच्या बँकेकडे असतो; ॲप म्हणजे तिचा दर्शनी भाग. त्याने काय बिघडते? जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एसबीएम बँक इंडियाला परदेशात रक्कम पाठवण्याच्या योजनेखालचे व्यवहार थांबवायला सांगितले. त्या बँकेच्या आधारावर चाललेली प्रवासाची लोकप्रिय कार्डे परदेशात वापरणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. वर्षभराने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई झाली आणि १५ मार्च २०२४ नंतर तिथे नव्याने पैसे भरणे बंद झाले. फास्टॅग बदलण्यासाठी किती धावपळ झाली ते आपणच छापले होते. दोन्ही वेळी ॲप फोनवर व्यवस्थित उघडत होते.

ठेव विम्याचेही तसेच. बँक बुडाली तर पाच लाखांचे संरक्षण एका बँकेतल्या एका खातेदाराला, व्याज धरून, मिळते. ॲपमधले खाते आणि त्याच बँकेच्या शाखेतली मुदत ठेव वेगळी धरली जात नाही, दोन्हींची बेरीज होते. म्हणून तक्त्यात मागच्या बँकेचे नाव ठळक हवे.

रोजच्या वापरासाठी माझे मत जुन्या वळणाचे वाटेल. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत, त्याला यूपीआय जोडूच नये. चहा, भाजी, रिक्षा यांसाठी दुसऱ्या बँकेत वेगळे खाते ठेवावे आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असावेत. कारण केवळ चोरी हे नाही. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत कुणाच्या खात्यात आला की पोलिसांच्या सूचनेवरून खाते गोठवले जाते. यात काही संबंध नसलेले भाजीवाले आणि छोटे दुकानदारही सापडले आहेत. ते खाते घरखर्चाचे असेल तर माणूस वैतागतो. पेन्शनचे असेल तर औषधे अडतात. दुसरी बँक वेगळी का, याचे उत्तर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या खातेदारांना मिळाले. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती.

या घरखर्चाच्या खात्याला किमान शिल्लक ठेवायची अट नसावी, एवढे पाहावे. स्टेट बँकेने शिल्लक कमी पडल्याचा दंड २०२० मध्येच काढला आणि २०२५ मध्ये इतर काही सरकारी बँकांनीही. खासगी बँकांत अजून विचारून घ्यावे लागते. व्याजदरावरून खाते निवडण्यात फार अर्थ उरलेला नाही, मोठ्या बँका अडीच टक्क्यांच्या आसपासच देतात. यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठी ॲपमधले पाकीट) सुरू केले तर दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पासबुक भरत नाही, ही शाखेतल्या मुलांवरही कृपा होईल. पुणे-मुंबईत मेट्रोने फिरणाऱ्यांनी आपले रुपे डेबिट कार्ड उलटून पाहावे. एनसीएमसीची (ठिकठिकाणच्या मेट्रो-बसला चालणाऱ्या सामायिक कार्डाची) खूण असेल तर मेट्रोसाठी वेगळे कार्ड घ्यायची गरज नाही. मात्र कार्डातल्या प्रवासाच्या पाकिटात थोडेच पैसे भरावेत, कार्ड हरवले की ते पैसे सहसा गेलेच.

प्रवासाहून परतल्यावर कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून बंद करावा. ही सोय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची केली आहे. परदेशी संकेतस्थळे अनेकदा ओटीपी मागत नाहीत, त्यामुळे चालू राहिलेले कार्ड रात्री दोनला कुठल्या देशात खरेदी करेल सांगता येत नाही.

कर्जाच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना एका कागदावर सगळा खर्च मांडून द्यावा लागतो. खाती आणि कार्डांसाठी तसाच एक कागद असावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. तोवर पुढच्या तक्त्यात एवढे रकाने घालावेत: जीएसटी धरून मार्कअप, परदेशी एटीएमचे शुल्क, किमान शिल्लक, मागची बँक कोणती, आणि मध्यरात्री कार्ड बंद करायला माणसाशी बोलता येते का. लाउंजचा रकाना जागा उरली तर शेवटी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली