उपाहारगृहाच्या तपासणीचा अहवाल दारावर लावा : अन्नसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आमचे कुटुंब ज्या उपाहारगृहात अनेक वर्षे जेवत आले आहे, तिथे परवाना काचेच्या चौकटीत दिमाखाने टांगलेला आहे. पण शेवटची तपासणी कधी झाली, तीत काय आढळले आणि आढळलेले दोष दूर झाले की नाहीत, याचा तिथे मागमूसही नाही. गल्ल्यावर विचारले, तर 'सगळे ठीक आहे' एवढेच उत्तर मिळाले. मग रीतसर अर्ज केला. अहवाल हाती आला तो एका ओळीचा : 'स्थिती समाधानकारक.'

माझी तक्रार या ओळीबद्दल आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. तेव्हा शीतकपाटाचे तापमान मोजले का आणि ते किती भरले, हे अहवालात यायला हवे. हाताला जखम असलेल्या माणसाकडून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू जे विष तयार करतो, ते अन्न पुन्हा उकळले तरी टिकून राहते आणि वासावरून किंवा चवीवरून ओळखूही येत नाही. 'समाधानकारक' या शब्दाने यातले काहीच कळत नाही.

न्यूयॉर्क शहरात २०१० पासून तपासणीतील गुणांवरून दिलेले श्रेणीचे अक्षर दारावर लावावे लागते, तर वेल्समध्ये शून्य ते पाच यांपैकी मिळालेला अंक दर्शनी भागात लावणे २०१३ पासून सक्तीचे आहे. मला मात्र नुसते अक्षर किंवा अंक अपुरा वाटतो, कारण दुसरी श्रेणी मिळालेल्या ठिकाणी भिंतीचा रंग उडाला होता की कच्चे आणि शिजवलेले अन्न एकाच फळीवर कापले जात होते, हे त्यावरून समजत नाही. डेन्मार्कची २००१ पासूनची पद्धत अधिक सरळ आहे : हसऱ्या किंवा दुर्मुखलेल्या चेहऱ्याच्या चिन्हासोबत निरीक्षकाचा शेराही गिऱ्हाइकाला वाचता येतो.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक तपासणीची तारीख, आढळलेला नेमका दोष आणि फेरतपासणीचा निकाल प्रवेशद्वाराशी लावणे बंधनकारक करावे. यात मालकाचेही हित आहे, कारण दुरुस्त केलेला दोष दुरुस्त म्हणूनच नोंदला जाईल आणि जुना शेरा त्याला कायमचा चिकटणार नाही. निरीक्षकांवर मर्जी सांभाळल्याचा आरोप होतो, तोही उघड शेऱ्यांची तुलना करून पडताळता येईल.

मला मिळालेला अहवाल सोबत जोडला आहे. उपाहारगृहाचे नाव मी झाकले आहे, कारण त्यांचे काही चुकते आहे की नाही, हे त्या एका ओळीवरून मलाही ठरवता आलेले नाही.

आपला नम्र,
एक नागरिक