लढाऊ विमानांचा तक्ता नुसत्या कमाल आकड्यांनी भरू नये

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत राफेल, युरोफायटर टायफून आणि ग्रिपेन या तीन युरोपीय लढाऊ विमानांचा तुलनात्मक तक्ता वाचला. विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत, लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत एनडीएची तयारी करणारी मुले अशी कात्रणे जपून ठेवतात, म्हणूनच हे सविस्तर लिहावेसे वाटले. तक्त्यात कमाल वेग, कमाल पल्ला आणि कमाल भार शेजारी-शेजारी दिले आहेत. हे तिन्ही आकडे एकाच उड्डाणात कधीच मिळत नाहीत.

मोकळा ट्रॅक्टर किती पळतो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्यावर किती, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. टायफूनचा माक २ (ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट) आणि राफेलचा माक १.८ हे वेग मोकळ्या ट्रॅक्टरचे आहेत. पंखाखाली जादा टाक्या नाहीत, बॉम्ब नाहीत, उंची दहा-अकरा किलोमीटर आणि आफ्टरबर्नर चालू. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात पुन्हा इंधन फवारून पेटवणे. त्याने जोर दीडपट होतो, पण जमिनीलगत तो सतत चालू ठेवला तर पोटातले इंधन (राफेलचे सुमारे ४.७ टन, टायफूनचे सुमारे ५ टन) दहा-अकरा मिनिटांत संपते. गस्तीवरचे विमान बहुतेक वेळ ध्वनीपेक्षा कमी वेगानेच उडत असते.

खरी तुलना जोर आणि वजन यांच्या भागाकारात आहे. आफ्टरबर्नरसह राफेलच्या दोन एम-८८ इंजिनांचा जोर १५० किलोन्यूटन (जोर मोजण्याचे एकक), टायफूनच्या दोन ईजे-२०० इंजिनांचा १८०, तर ग्रिपेन-ई या नव्या आवृत्तीच्या एकुलत्या एफ-४१४ इंजिनाचा ९८. पोटातली टाकी भरून आणि मोजकी क्षेपणास्त्रे लावून हिशेब केला तर टायफूनचे गुणोत्तर १.१ च्या आसपास, राफेलचे १ च्या जवळ आणि ग्रिपेनचे ०.८ च्या थोडे वर येते. शत्रूवर झेपावण्यासाठी वेगाने उंची गाठायची असेल तर टायफून सरस, यात शंका नाही. भार उचलण्यात मात्र राफेलला तोड नाही. रिकामे वजन सुमारे १० टन, बाहेर टांगता येणारा भार ९.५ टन.

आता मराठवाड्यातली मे महिन्याची दुपार घ्या. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, पारा ४३ अंशांवर. कारखान्याचे आकडे १५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीला धरून दिलेले असतात. त्या तुलनेत अशा दुपारी हवा सुमारे १५ टक्के विरळ असते. इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून जोर घटतो. पंखालाही हवा कमी, म्हणून जमीन सोडायला वेग जास्त लागतो. दोन्ही मिळून धावपट्टीवरची धाव एक तृतीयांशाहून अधिक वाढते. म्हणूनच १२६ विमानांच्या खरेदीसाठी आपल्या हवाई दलाने २०१० च्या सुमारास चाचण्या घेतल्या, त्या बंगळुरूबरोबर जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या उंचीवरही. २०११ मध्ये सहांपैकी राफेल आणि टायफून ही दोनच विमाने पुढच्या फेरीत गेली.

रडारबद्दल तक्त्यात फक्त ‘आधुनिक’ एवढाच शब्द आहे, आणि तिथेच सगळ्यात मोठा फरक दडलेला आहे. राफेलच्या नाकातली रडारची तबकडी पक्की बसवलेली असते. ती जागची न हलता विजेच्या साहाय्याने झोत वळवून डावी-उजवीकडे साठ-सत्तर अंशांपर्यंत पाहते. ग्रिपेन-ई आणि टायफूनच्या नव्या रडारची तबकडी तिरकी बसवून फिरती ठेवलेली असते, त्यामुळे नजर शंभर अंशांपर्यंत जाते. उपयोग असा : वैमानिक लांबून मिटिऑर क्षेपणास्त्र सोडतो आणि शत्रूचे क्षेपणास्त्र चुकवण्यासाठी लगेच वळतो. पण आपले क्षेपणास्त्र लक्ष्याजवळ पोहोचेपर्यंत त्याला वाटेत ताजी माहिती पुरवावी लागते. पक्क्या तबकडीचे विमान जास्त वळले की लक्ष्य नजरेआड होते. फिरत्या तबकडीचे विमान जवळजवळ पाठ फिरवूनही लक्ष्य पकडून ठेवते. यात एक खोच आहे : टायफूनचे हे रडार आधी कुवेत आणि कतारच्या विमानांना मिळाले, युरोपातल्या जुन्या टायफूनवर यांत्रिक रडारच आहे, म्हणजे झोत वळवायला तबकडीच हलवावी लागणारे. तेव्हा नुसते ‘टायफून’ लिहून भागत नाही, कोणती आवृत्ती ते लिहावे लागते.

ग्रिपेनला तक्त्यात शेवटचे स्थान दिले, ते पटले नाही. हे विमान ८०० मीटरच्या सरळ महामार्गावरून उडावे म्हणूनच घडवले आहे. उतरल्यावर एक तंत्रज्ञ आणि पाच साधे सैनिक सुमारे दहा मिनिटांत इंधन भरून, क्षेपणास्त्रे लावून ते पुन्हा हवाई लढतीला सज्ज करतात. धावपट्ट्यांवर पहिल्याच रात्री बॉम्ब पडणार असतील तर हा गुण माक २ पेक्षा मोलाचा ठरतो.

विक्रीची परवानगी हाही क्षमतेचाच भाग मानायला हवा. ग्रिपेनचे इंजिन अमेरिकी, म्हणून अमेरिकेचा होकार लागतो. टायफून ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन या चौघांचे. जर्मनीने सौदी अरेबियाच्या खरेदीवरचा विरोध २०२४ च्या जानेवारीत सोडला, तोवर ती खरेदी अडून होती. राफेलसाठी बोलणी एकट्या फ्रान्सशी. आपली ३६ राफेल आणि नौदलाची २६, दोन्ही सौदे त्याच एका दारातून झाले.

पुढच्या तक्त्यात विमानाची नेमकी आवृत्ती, किती भार लावून मोजलेला पल्ला, ४० अंशांवरची धाव, रडारचा कोन आणि पुन्हा सज्ज व्हायला लागणारी मिनिटे असे रकाने द्यावेत, ही विनंती. जागा कमी पडली तर कमाल वेगाचा रकाना गाळला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, लातूर