भात सोडू नकोस, बदल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा आलं, तेव्हापासून ते खिशातच घेऊन फिरतोय. भात, ब्रेड, बटाटा सगळं बंद करून १२ दिवस झाले, वजन अडीच किलो उतरलं, पण मध्यरात्री जाग येते, घाम फुटलेला असतो, हात थरथरत असतात आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघत उभा राहतो, असं तू लिहिलंयस.

वजनाचं मागाहून बोलू, आधी या थरथरण्याचं. तू मधुमेहाच्या गोळ्या घेतोस. त्यातल्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. कर्बोदकं एकाएकी बंद केली आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या, तर रक्तातली साखर धोका होईल इतकी खाली जाऊ शकते. याचा तुझ्या मनोनिग्रहाशी काहीएक संबंध नाही. उद्या सकाळी उठल्याबरोबर डॉक्टरांना फोन कर आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. तोवर पुन्हा असं झालं, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पी आणि पंधरा मिनिटांनी साखर मोज. सावकाश पचणारं काही त्या वेळी उपयोगाचं नाही. एवढं केलंस की मगच पुढचं वाच.

आता ते अडीच किलो. तुझा उत्साह मोडायचा नाही, पण त्यातलं बरंचसं पाणी आहे. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो. पुन्हा जेवायला लागलास की तेवढं पाणी परत येणार. मी या चक्रातून तीनदा गेलोय. दर वेळी आकडा परत वर गेला की वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. ते तुला वाटू नये म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

ग्लायसेमिक इंडेक्स हा शब्द तू ऐकला असशील, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठात ही मोजणी मांडली, आणि ती वजनासाठी नव्हतीच. मधुमेह असलेल्या माणसाने कोणती कर्बोदकं खावीत, हा त्यांचा प्रश्न होता. मोजायची रीत सरळ आहे. ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं असतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर तपासत राहायचं आणि ती किती चढली हे ५० ग्रॅम ग्लुकोजशी ताडून बघायचं. ग्लुकोजला १०० धरलेत. ५५ किंवा त्याखाली म्हणजे कमी, ७० आणि त्यावर म्हणजे जास्त. पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास, सफरचंद ३६, उकडलेले काबुली चणे २८.

हे आकडे माझ्याही डोक्यावरून जात होते. मग एका शनिवारी सकाळी मी ब्रेडचे दोन स्लाइस खाल्ले आणि दुसऱ्या शनिवारी उकडलेल्या चण्यांची एक वाटी. दोन्हींत पचणारी कर्बोदकं जवळपास सारखीच, २५ ग्रॅमच्या आगेमागे. बोटाला सुई टोचून आधी आणि तासाभराने मोजलं. ब्रेडच्या दिवशी ९६ वरून १६३. चण्यांच्या दिवशी ९८ वरून ११८. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ब्रेडच्या दिवशी साडेदहालाच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, मान जड झाली, हातातल्या कामावरून मन उडालं. चण्यांच्या दिवशी घड्याळात पाहिलं तर एक वाजून गेला होता आणि जेवणाची आठवण कुणीतरी हाक मारली तेव्हा झाली. इतकी वर्षं त्या साडेदहाच्या भुकेला मी माझा हावरेपणा समजत होतो. ती सकाळच्या खाण्यातून येत होती.

अमेरिकेतला एक छोटासा प्रयोग आहे, १९९९ चा. वजन खूप वाढलेल्या १२ मुलांना वेगवेगळ्या दिवशी सारख्याच उष्मांकांचं खाणं दिलं. एकदा झटपट शिजणाऱ्या ओट्सचं, एकदा जाड कापलेल्या ओट्सचं, एकदा ऑम्लेट. नंतर हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी जाड ओट्सच्या दिवसापेक्षा ५३ टक्के जास्त खाल्लं, आणि ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के. मुलं तीच, पहिल्या दोन दिवसांचं धान्यही तेच. दाणा किती बारीक करून, किती आधीच शिजवून ठेवला होता, एवढाच काय तो त्यात मोठा फरक. दाणा शाबूत असला की आतल्या पिठापर्यंत पोचायला पाचकरसांना वेळ लागतो. तो कुटला, दळला, फुलवला की पोटाचं काम आधीच होऊन गेलेलं असतं.

म्हणून तुझ्या भातावर माझा राग नाही. भाताचेही प्रकार आहेत. ज्या तांदळात अमायलोज नावाचं स्टार्च जास्त, तो शिजून मोकळा होतो आणि त्याची साखर सावकाश चढते. जो शिजून चिकट होतो, त्याची बहुधा भराभर. उकडलेला बटाटा थंड करून खाल्ला की त्यातलं थोडं स्टार्च घट्ट होऊन बसतं, ते आतड्यात सहजासहजी फुटत नाही. आधी भाज्या आणि डाळ-अंडं-मासा असं प्रथिनांचं काही खाल्लं आणि भात शेवटी घेतला, तरी साखरेचा चढ कमी होतो. तोच भात, तेच ताट, फक्त क्रम बदलायचा. मला यातलं हेच सर्वांत जास्त आवडलं, कारण यात काही हिरावून घेतलं जात नाही.

एक मात्र सांगतो, इंडेक्सच्या तक्त्याच्या आहारी जाऊ नकोस. सुरुवातीला मी गेलो होतो. आकडा कमी दिसला म्हणून चॉकलेट खात होतो. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर, म्हणून साखर हळू चढते, पण उष्मांक कुठे जातात? दोन महिन्यांत दीड किलो वाढलं. ‘लो जीआय’, म्हणजे कमी इंडेक्स, असं छापलेल्या बिस्किटांचंही तेच झालं. उलट कलिंगडाला जुन्या तक्त्यांत ७० च्या वर आकडा आहे म्हणून मी ते टाळत होतो, आणि १०० ग्रॅमच्या फोडीत कर्बोदकं असतात जेमतेम सात-आठ ग्रॅम. म्हणून पुढे ग्लायसेमिक लोड काढायला लागले. आकड्याला खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमनी गुणायचं आणि १०० ने भागायचं. कलिंगडाच्या त्या फोडीचा लोड पाच-सहाच्या आसपास येतो, आणि १० पर्यंतचा लोड कमीच समजतात. शिवाय एकाच ब्रेडने दोन माणसांची साखर अगदी वेगवेगळी चढू शकते, त्यामुळे माझे आकडे तुला लागू पडतीलच असं नाही.

आणि तुझ्याशी खोटं बोलणार नाही. नुसता इंडेक्स कमी केला की वजन उतरतं, असं मी म्हणणार नाही. अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा वजनाच्या आकड्यात फारसा फरक सापडला नाही. फरक जिथे दिसला ती जागा मला महत्त्वाची वाटते. युरोपातल्या ८ देशांत, आधीच वजन उतरवलेल्या ७७३ जणांना २६ आठवडे वेगवेगळ्या आहारांवर ठेवलं होतं. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रथिनं कमी आणि इंडेक्स जास्त, अशा एकाच गटाचं वजन लक्षणीय परत वाढलं. उतरवणं तुला-मला कधीच अवघड गेलं नाही रे. परत चढू न देणं अवघड गेलं. मला १४ महिन्यांत ९ किलो उतरवता आले आणि गेलं वर्षभर ते तसेच राहिलेत. खाणं मोजूनच कमी करावं लागलं. पण भूक आवाक्यात होती म्हणून ते निभलं. दिवसभर भुकेशी झगडणारा माणूस रात्री हरतोच, तू हरलास यात नवल नाही.

डॉक्टरांशी बोलून झालं की एकच जेवण बदल, सकाळचं. रात्री झोपताना मूठभर चणे पाण्यात टाक. सकाळी ते दुपटीने फुगलेले असतात, साल ताणून गुळगुळीत झालेली असते. मऊ होतील एवढेच उकड, लगदा करू नकोस. त्यावर लिंबू पीळ, कच्चा कांदा घाल, सोबत एक अंडं घे. पहिले चार-पाच दिवस पोट गुबारेल, म्हणून अर्ध्या वाटीपासून सुरू कर. आणि रात्री भात खा. छोटी वाटी, सगळ्यांत शेवटी, मोकळा शिजवलेला.

पंधरा दिवस वजनकाटा कपाटात ठेव. त्याऐवजी एका कागदावर रोज एवढंच लिही, भूक किती वाजता लागली. तो कागद मला पाठव.

डॉक्टर गोळ्यांबद्दल काय म्हणाले ते मात्र पत्राने नको, उद्याच फोन करून सांग. मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना सोबती