तीन टक्क्यांत बारवेलाही वाटा हवा

महोदय,

जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी गड, किल्ले, मंदिरे आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या संवर्धनासाठी वापरायचा, हा राज्य सरकारचा निर्णय चांगला आहे. प्रत्येक कामासाठी मंत्रालयाच्या खेपा न घालता जिल्ह्यातल्या वारशाचे काम जिल्ह्याच्याच पैशातून करता येते, ही त्यातली मोठी सोय. मात्र या निर्णयाच्या शब्दांत आमच्या मराठवाड्यातल्या गावोगावच्या बारवा, म्हणजे पायऱ्यांनी उतरत जायच्या जुन्या दगडी विहिरी, बसत नाहीत. बारव म्हणजे गड नव्हे, किल्ला नव्हे. देवळालगत असली तर देवळाच्या कामात कधीमधी तिची वर्णी लागते. शिवारात एकटी असेल तर तिचा प्रस्ताव खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा, हेच कोणाला सांगता येत नाही.

आमच्या गावच्या बारवेबाबत आम्ही एका कार्यालयात अर्ज केला, तेव्हा ‘ती संरक्षित यादीत नाही’ असे उत्तर मिळाले. नियमाच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली एखादी वास्तू संरक्षित व्हायची तर प्रस्ताव, प्राथमिक अधिसूचना, हरकती आणि अंतिम अधिसूचना एवढा रस्ता चालावा लागतो. पुरातत्त्व विभागाच्या मोजक्या माणसांकडून प्रत्येक गावच्या बारवेसाठी हे होणार नाही, आणि व्हावे असा आमचा आग्रहही नाही. ती राष्ट्रीय स्मारक नसली तरी गावाची आहे आणि ढासळते आहे. तिच्या दुरुस्तीला पैसा मिळावा एवढेच आमचे मागणे आहे.

मोठ्या नावांना पैसा मिळतो, याचा आनंदच आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आमच्याही गावात पेढे वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी बांधलेल्या विहिरी, घाट आणि कुंडांच्या जतनाचाही निर्णय झाला. म्हणजे विहीर हाही वारसा आहे, हे सरकारने मान्य केले आहे. आता प्रश्न उरतो तो ज्या बारवांचा कर्ता कोण हे आज कोणालाच ठाऊक नाही, त्यांचा. परभणी, हिंगोली, जालना, बीड या भागात यादवकाळापासूनच्या अशा कितीतरी बारवा आहेत. शिलालेख नाही, राजाचे नाव नाही, म्हणून पाठपुरावा करायलाही कोणी नाही.

गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी आणि तरुणांनी श्रमदानाने अनेक बारवा मोकळ्या केल्या. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार उतरत जाणारी बारव बघायला आता लांबून लोक येतात. गाळ, काटेरी झुडपे, गणपतीच्या मूर्तींचे अवशेष, दारूच्या बाटल्या हे सगळे माणसे हातांनी उपसू शकतात. पण खचलेली भिंत श्रमदानाने उभी राहत नाही. कोनाड्यावरची तडकलेली दगडी तुळई उतरवून पुन्हा बसवायची तर तिपाई, चेनपुली आणि जाणता पाथरवट लागतो. पिंपळाचे मूळ नुसते वरून छाटले की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटते. ते सांध्यातून सोडवायचे तर आजूबाजूचे दगड क्रमांक टाकून काढावे लागतात आणि त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. सरकारी पैसा लागतो तो इथे, आणि ही रक्कम एखाद्या गावच्या सिमेंट रस्त्याहून फार मोठी नसते.

पैसा कसा खर्च व्हावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आमच्या शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी बारवेच्या ‘सुशोभीकरणा’चे काम झाले. सगळे सांधे सिमेंटने भरले, काठावर रंगीत फरशी घातली, स्टीलचे कठडे बसवले. जुन्या बारवांचे बरेच दगडकाम चुन्याशिवाय, दगडावर दगड घट्ट बसवून केलेले असते. भिंतीमागच्या जमिनीतले पाणी त्या सांध्यांमधूनच झिरपत आत येते. सांधे बंद केले की पाण्याला वाट राहत नाही, ते मागे साचते आणि भिंतीला आत ढकलते. तिथे आज उत्तरेकडच्या भिंतीला पोट आले आहे. मधल्या टप्प्यावरच्या एका देवकोष्ठात, म्हणजे मूर्तीसाठीच्या कोनाड्यात, सिमेंटच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटत आहेत आणि त्यावर पांढरे क्षार फुलले आहेत. शेकडो वर्षे टिकलेला दगड आमच्या डोळ्यांदेखत झडतो आहे, आणि तोही जतनाच्या नावाने आलेल्या पैशातून. हे पाहून फार वाईट वाटते.

यात एकट्या ठेकेदाराला दोष देऊन भागणार नाही. अंदाजपत्रक रस्ते आणि इमारतींच्या सवयीने तयार होते, म्हणून त्यात फरशी आणि कठडे पहिले येतात. निविदेत वार्षिक उलाढालीची अट असते, त्यामुळे चुन्याचे काम जाणणारा पाथरवट दारातही उभा राहू शकत नाही. आणि निधी हाती पडतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, खर्च दाखवायचा मार्चअखेर! चुना भिजवून मुरवायलाच काही आठवडे लागतात, त्याचा थर हळूहळू आणि ओला ठेवून वाळू द्यावा लागतो. मार्चअखेरच्या घाईत सिमेंटशिवाय दुसरे काय होणार?

म्हणून पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समित्यांना आमची विनंती आहे. या तीन टक्क्यांतला ठरावीक हिस्सा असंरक्षित बारवा, जुने घाट, वेशी आणि समाध्यांसाठी वेगळा ठेवा. गरज असेल तर शासनाने मूळ निर्णयात तशी दुरुस्ती करावी. पहिल्या वर्षी फक्त मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे यांना पैसे द्या, कारण दगड कुठला कुठे होता याची नोंद नसताना दुरुस्तीला हात घालणे धोक्याचे आहे. कामाची मुदत दोन पावसाळे पाहता येतील एवढी असावी. वारसा जतनाचे शिक्षण घेतलेल्या वास्तुविशारदाची सही असल्याशिवाय अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळू नये. काम झाल्यावर दरवर्षी झुडपे काढायला आणि गाळ उपसायला ग्रामपंचायतीला थोडी रक्कम नियमित मिळावी. ती मिळाली नाही तर पाच वर्षांत सगळे होते तसे होईल. मालकीचाही प्रश्न आहे. काही बारवांची नोंद खासगी सातबाऱ्यावर आहे. तिथे शेतकऱ्याची लेखी संमती आणि पाणी घेण्याचा त्याचा हक्क कायम, एवढे ठरले तरी बहुतेक जण आनंदाने तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची बातमी देताना या तीन टक्क्यांतून आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत कोणती कामे झाली, त्यातला किती पैसा मूळ दगडकामावर गेला आणि किती फरशी, कमानी व दिव्यांवर, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो. त्याआधी हे आकडे छापून आले, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या बारवेचा ठराव मांडताना गावांच्या हाती काही आधार असेल.

आपला,
एक वाचक, परभणी