ताई, यंदा सप्ताहाला तू बैस

श्टुटगार्ट, ११ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर लिहायला घेतलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. मग ईशानच्या वहीचे कागद फाडून बसलो. वैदेही म्हणते, टपालानं पाठवलंस तर दत्तजयंती होऊन जाईल. म्हणून फोटो काढून पाठवतोय, मूळ कागद मागाहून सांगलीला येतील.

रविवारी बाबांशी बोललो. तुझ्या कानावर आलंच असेल. मोतीबिंदू काढला तरी पोथीची ओळ हलते म्हणतात, आणि कंबर तासाभरावर बसू देत नाही. तेव्हा यंदा गुरुचरित्राचा सप्ताह नाही. कावीळ झाली होती त्या वर्षीसुद्धा उसाचा रस पीत पारायण पुरं करणारा हा माणूस! मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "पोथी आता तुझी. येशील तेव्हा घेऊन जा."

माझ्या पोटात गोळाच आला. पोथी इथं आणून ठेवू कुठं? पुस्तकांच्या कपाटात, करसल्लागाराच्या फायलींशेजारी? आणि ठेवली तरी वाचणार कोण? मला बाबांसारखी श्रद्धा आहे, असं मी तुझ्याशी तरी खोटं बोलणार नाही.

मुलांच्या बाबतीत मी काय केलं, ते सांगतो, म्हणजे तुझं हसून होईल. इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात दोघांना चार वर्षं नेलं. तिथं श्लोक शिकवतात, रंगवायला गणपती देतात, पाठ झालं की स्टिकर मिळतो. ईशान 'शुभं करोति' आता अकरा सेकंदांत म्हणतो, मी घड्याळ लावून पाहिलंय, कारण त्यानंतर फुटबॉलला सोडतो. आणि दिवेलागण तरी कुठल्या वेळेला धरायची? आज पावणेपाचलाच सूर्य मावळला. जूनमध्ये साडेनऊला सूर्य मावळतो, तोवर ईशान झोपलेला असतो. परवचा म्हणायला उन्हं कलती लागतात, पाढ्यांना ओटा लागतो, आणि 'तेवीस चोक?' असं मध्येच विचारणारे आजोबा लागतात. मी ते सगळं स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, जेवणाआधीच्या सात मिनिटांत बसवायला गेलो.

आज संत मार्टिनची मिरवणूक होती. लहान मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत जातात, पुढं घोड्यावर झगा पांघरलेला मार्टिन. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपला झगा अर्धा कापून दिला, एवढीच गोष्ट. ईशानला सगळी कडवी येतात. कधी शिकला विचारलं, तर म्हणाला, "शिकलो नाही, दर वर्षी जातो ना." माझ्या शेजारून चाकांचा वॉकर ढकलत एक आजीबाई चालत होत्या, त्याही गात होत्या.

आता ऑगस्टमधलं सांगतो. आईनं तुला अर्धं सांगितलंय, अर्धं गाळलंय.

श्रावणातला गुरुवार होता. इंदूरला रामबागेतल्या घरी सकाळचे पोहे झाले होते. ईशान पोह्यांपेक्षा वरून भुरभुरायचा जिरावन मसालाच जास्त खातो, आता इथंही मागतो. बाबा अठरावा अध्याय वाचत होते आणि मुक्ता भिंतीला टेकून ऐकत होती. बाबा मधेमधे थांबून तिला अर्थ सांगत. नृसिंहसरस्वती महाराज गरीब ब्राह्मणाकडे भिक्षेला गेले, घरात दाणा नाही, दारच्या वेलीवरच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढल्या, आणि जेवून जाताना महाराजांनी तो वेलच उपटून टाकला. मुक्ताचा चेहरा असा झाला की जणू तिच्याच ताटातलं कोणी उचललं. म्हणाली, "आजोबा, विचारलं का नाही त्यांनी आधी?"

बाबा खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. "विचारलं असतं तर त्या बाईनं उपटू दिला असता का?"

मग मुळाशी सापडलेला धनाचा कुंभ वगैरे झालं. पण तिचं समाधान होईना. कुंभ निघेपर्यंत त्या बाईला काय वाटलं असेल, हेच ती धरून बसली. ताई, मी हा अध्याय लहानपणापासून ऐकतोय. मधल्या त्या घटकाभरात त्या बाईचं काय झालं असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचं आईनं गाळलं असणार. मुक्ता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी वाचू?" बाबा गप्प. मग चष्मा पुसत म्हणाले, "तू सप्तशती वाच. टेंबे स्वामींनीच लिहिलीय, सातशे ओव्यांत सगळं सार आहे. आजी तेच वाचते." तिनं कारण विचारलं. बाबांनी तेच सांगितलं, जे तुला सांगितलं होतं: मूळ पोथी बायकांनी वाचायची नाही, स्वामींची आज्ञा आहे, कडक सोवळं लागतं. आवाजात चीड नव्हती. आपल्या लहानपणी होती, की आपल्यालाच वाटायची, कोण जाणे. मी तिथंच बसलो होतो आणि मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्याचं नाटक करत होतो.

मुक्तानं विचारलं, "आत्यानं पण नाही वाचली?"

आई आतून म्हणाली, "तिला वाचायची गरज काय? पाठ आहे तिला."

मला एकदम तो १९९० चा सप्ताह आठवला. तुला आठवत असेलच, पण आपण त्यावर कधी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा घसा बसला. माझी मुंज झालेली, म्हणून मला सोवळं नेसवून पाटावर बसवलं. अकरा वर्षांचा होतो मी. गुडघे दुखत होते, आणि बाहेर ओट्यावर पोरांचं क्रिकेट. एका ठिकाणी नजर घसरली आणि मी एक ओवी सोडून पुढं गेलो. लगेच आतून, पुरणाच्या वासाबरोबर, तुझा आवाज आला. गाळलेली ओवी तू जशीच्या तशी म्हटलीस, भांडं घासता घासता म्हणावी तशी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. बोलले काहीच नाहीत, बोट मागच्या ओळीवर ठेवलं. मी ती परत वाचली.

तू पंधरा वर्षांची होतीस. त्या सप्ताहाचं पुण्य माझ्या नावावर, पाटही माझ्या नावावर, आणि आता पोथीही माझ्याच नावावर करायची म्हणतात.

बाबांनी आपल्याला नाना महाराज तराणेकरांच्या दर्शनाला नेलं होतं, तेही आठवतं. करुणात्रिपदी म्हणताना तिथं बायका-पुरुष-पोरं सगळी एका सुरात असायची. त्रिपदी टेंबे स्वामींची आणि पोथीबद्दलची आज्ञाही त्यांचीच. माझं त्यांच्याशी भांडण नाही, तेवढी माझी लायकीही नाही. वैदेहीच्या माहेरी मात्र तिची आई गेली वीस वर्षं मूळ गुरुचरित्र वाचते आणि देव अजून तरी कोपलेला नाही.

मुक्ताचं एक गुपित सांगतो, तिला कळू देऊ नकोस. तिला देवनागरी वाचता येतं, पण पोथीच्या ठशात ती अडखळते. म्हणून बाबांच्या वाचनाचं फोनवर ध्वनिमुद्रण करून आणलंय आणि अठरावा अध्याय ऐकून ऐकून जर्मन अक्षरांत उतरवतेय. जर्मनमध्ये 'श'ला तीन अक्षरं लागतात, 'च'ला चार. 'ळ'ला तर अक्षरच नाही, तिथं तिनं छोटासा वेल काढलाय. पानं बघितलीस तर हसू येईल आणि रडूही. मला आधी वाटलं, हे काय भलतंच. मग पोथीचं शेवटचं कोरं पान आठवलं, जिथं पणजोबांनी आपल्या पारायणांची नोंद मोडीत केलीय. ती बाबांनाही वाचता येत नाही. मंदसोरच्या तहानंतर १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली, तिच्या मागोमाग आपले लोक माळव्यात आले. दोनशे वर्षांत आपली मराठी अशी झाली की तुझ्या लग्नात सांगलीकर 'येऊन राहिलोय' म्हटल्यावर तोंड लपवून हसत होते. लिपी बदलली, बोली बदलली, पण मार्गशीर्षात पाट मांडला गेला. आणि मुळात ज्या सरस्वती गंगाधरांनी हे मराठीत लिहिलं, त्यांची मातृभाषा कानडी होती म्हणतात!

मुक्ता या वाटेला कशी लागली, हे मी वैदेहीला विचारलं. मी मंडळाच्या वर्गाचं श्रेय घ्यायच्या तयारीत होतो. वैदेही म्हणाली, "२०२१ चा एप्रिल." आई ऑक्सिजनवर होती, तू सांगलीत अडकलेली, मी इथं. त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मोबाइलवर चौदावा अध्याय वाचत राहिलो, किती वेळा ते आठवत नाही. देव ऐकतोय असं वाटत होतं, असंही नाही. दुसरं काही हातात नव्हतं. मुक्ता तेव्हा आठ वर्षांची, पाणी प्यायला उठली होती आणि दारात बराच वेळ उभी होती म्हणे. मला पत्ताच नव्हता.

तर आता मुद्द्याचं. रविवारी मी बाबांना म्हटलं, पोथी माझ्याकडे नको, ताईकडे जाऊ दे. आणि सप्ताह मोडायचा नसेल तर यंदा ताई वाचेल, तुम्ही आरामखुर्चीत बसून ऐका. चुकली तर सांगा.

पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कटला. आई काहीतरी म्हणत होती, पण शब्द कळले नाहीत. मग बाबा म्हणाले, "तिचे गुडघे सात दिवस खाली बसू देतील का?"

ताई, मला हे 'हो'च वाटतं. तुला काय वाटतं ते तू ठरव. नको वाटलं तर तसं सांग, मी परत विषय काढणार नाही. इतकी वर्षं नाही म्हटलेल्या गोष्टीला आता बोलावलं म्हणून धावत जावं, अशी माझी अपेक्षा नाही. तुझ्या घरापासून नरसोबाची वाडी इतकी जवळ, तू तिथल्या पालखीला जातेस, तुझा तुझा रस्ता तू केलेला आहेस.

जाणार असलीस तर पुण्याहून इंदूरच्या गाडीचं तिकीट मी काढतो, जिजाजींचंही. सात दिवसांची वाटणी तुला माहीतच आहे, रोज कुठल्या अध्यायापर्यंत जायचं ती: ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५२. पाचव्या दिवशी तीनच अध्याय म्हणून निवांत राहू नकोस, छत्तिसाव्यात आचारधर्माचं सगळं प्रकरण आहे, बाबांचाही तिथं दम लागायचा. सकाळी सातला सुरू केलंस तर इथं रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मुक्तानं दुसऱ्या दिवसाचा गजर आत्ताच लावून ठेवलाय, अठरावा त्या दिवशी येतो म्हणून. फोन समईपासून लांब ठेव आणि बाबांच्या खुर्चीच्या बाजूला नको, ते खोकतात.

आईला म्हणावं, पाट माळ्यावर आहे, बैठकीतला नाही, तो डुगडुगतो.

तुझा,
बाळू

ता. क. मुक्तानं इथं आल्यावर बाल्कनीतल्या कुंडीत घेवडा लावला होता. गेल्या आठवड्यात दव गोठलं आणि वेल काळा पडला. काल ईशाननं तो उपटला, कुंडी जमिनीवर पालथी केली, माती दोन्ही हातांनी चाळून पाहिली आणि मग माझ्याकडे तक्रार घेऊन आला.